घोंगडीखालचा सौदा

नावनच्या सुपरमार्केटात दुधाच्या फ्रीजसमोर घोंगडी पांघरून उभा राहणारा गोरा माणूस सगळ्या मीथ काउंटीत एकच होता, आणि नेमका तोच माझा जागामालक निघाला. घोंगडी आपल्या धनगराची काळी, टोचरी नव्हे. जाड लोकरीची, विटकरी रंगाची, मक्याच्या कणसांची नक्षी असलेली, उजव्या खांद्यावर मोठ्या पिनेनं अडकवलेली. खाली चिखलानं माखलेले गमबूट. हा सहा फुटी म्हातारा त्या वेशात दुधाच्या बाटल्यांवरच्या तारखा वाचत उभा असायचा आणि शोधून शोधून जिची तारीख संपत आली आहे तीच बाटली उचलायचा. का, तर तीही कुणीतरी घरी न्यायला हवी.

मी त्यांना मास्तर म्हणायचो. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी आफ्रिकेत, लेसोथो नावाच्या देशात, शाळेत इतिहास शिकवण्यात घालवली होती. चारी बाजूंनी दक्षिण आफ्रिका आणि मध्ये हा डोंगराळ तुकडा. असा देश आहे हे मला त्यांच्याकडूनच कळलं. लग्न केलं नाही. आई गेल्यावर घरदार सांभाळायला परत आले, ते ही घोंगडी, तट्टू पाळण्याची हौस आणि एक राजा घेऊन.

राजा केव्हाच मेलेला. पण मास्तर त्याच्याबद्दल वर्तमानकाळात बोलायचे. नावही घ्यायचे नाहीत. त्या लोकांत धन्याला 'मोरेना' म्हणतात, तसं हेही म्हणायचे. मोरेना असं करत नाही, मोरेनाला हे पटणार नाही. पहिल्या भेटीत मला वाटलं मोरेना म्हणजे यांचा वकील असावा, आणि मी सावध झालो.

सावध होणं हा माझा धंदाच आहे. मी सांगलीचा. हळदीच्या बाजारात एका अडत्याच्या पेढीवर वाढलो. शाळा सांगण्यासारखी झाली नाही. समोरच्याचे डोळे वाचायचे, मालात खोड काढायची आणि आपली गरज कळू द्यायची नाही, एवढं तिथं शिकलो आणि तेवढं पुरलं. बायको वैशाली नर्स. तिला नावनच्या हॉस्पिटलात नोकरी लागली म्हणून मी या देशात आलो. इथं येणारा मराठी माणूस एक तर कॉम्प्युटरवाला, नाही तर औषधाच्या नाही तर चिपच्या कारखान्यातला. समारंभात कुणी विचारलं, तुम्ही कुठल्या कंपनीत, की माझं डोकं फिरायचं. मी पोळ्या करायला लागलो. आधी घरच्या ओट्यावर, मग मास्तरांच्या गोदामात. आज माझ्या घडीच्या पोळ्या नावनपासून पार लेटरकेनीच्या डॉक्टर मंडळींपर्यंत जातात. यात कुणाचे उपकार नाहीत. एका माणसाचे आहेत, म्हणून हे लिहितो आहे.

गोदाम त्यांच्या घरामागच्या आवारात होतं, पूर्वी गुरांचं खाद्य साठवायचे ते. मी बघायला गेलो तेव्हा घरूनच राग घेऊन गेलो होतो, सौद्याला उपयोगी पडतो. छप्पर गळतं, मोरीला उतार नाही, दार एवढं अरुंद की ओव्हन आत जाणार नाही, अशी एकेक खोड काढत गेलो. मास्तर तट्टाला खरारा करत ऐकत होते. शेवटी मी इतकं कमी भाडं बोललो, की ते ऐकून सांगलीत लोकांनी मला बाजाराबाहेर काढलं असतं. मास्तर म्हणाले, "ग्रँड," म्हणजे इथल्या बोलीत ठीक, आणि हात पुढे केला.

मला रात्रभर झोप नाही. एवढ्या पटकन हो म्हणाला, म्हणजे मी जास्तच बोललो. वैशाली म्हणाली, तुम्हाला हरलं तरी दुःख आणि जिंकलं तरी दुःख. सकाळी बघतो तर गोदामाच्या दारात सरपणाचा ढीग आणि बटाट्यांचं पोतं. मी पोतं उलटं केलं आणि एकेक बटाटा फिरवून बघितला. कुजका एकही नव्हता. तेव्हा तर फारच संशय आला.

विचारल्यावर मास्तरांनी सांगितलं की त्यांचे वडील गुरांचे व्यापारी होते, आणि इथल्या जत्रांत रीत होती, सौदा पटला की विकणाऱ्यानं घेणाऱ्याच्या हातात थोडं काही परत ठेवायचं. लक पेनी म्हणतात त्याला. घेणारा घरी जाताना रिकामं मन घेऊन जाऊ नये म्हणून. मी म्हटलं, घेणारा तर मी आणि जिंकलोही मीच. ते म्हणाले, मग बटाट्यांची भाजी कर. त्या दिवसापासून ते मला 'डीलर' म्हणायला लागले. त्यांच्या वडिलांच्या तोंडी ही मोठी पदवी होती म्हणे.

त्यांची एक खोड मला शेवटपर्यंत पचली नाही. कुठलीही गोष्ट सांगितली, फुटबॉलची मॅच, निवडणूक, वैशालीच्या वॉर्डातलं भांडण, की ते शेवटी एकच विचारायचे. हरला तो घरी काय घेऊन गेला? मी म्हणायचो, हरला तो हरला, तो काय घेऊन जाणार. ते मान हलवायचे, वर्गातल्या ढ मुलाकडे बघून हलवावी तशी.

पत्त्यांतही तेच. हिवाळ्यात शेजारचे दोन म्हातारे त्यांच्याकडे पत्ते खेळायला यायचे. मास्तर खेळायचे फार चांगलं, पण डाव हातात आला की मुद्दाम एखादा हात सोडायचे. आवारातलं फाटक कधी बंद करायचे नाहीत. ताटातला शेवटचा घास ठेवायचे. आधी वाटलं माझी भाजी आवडत नाही. मग कळलं, येणाऱ्याला असावा म्हणून. येत कुणी नव्हतं, तो घास तट्टू खायचं.

शेजाऱ्याच्या कालवडीची गोष्ट तर सगळं गाव सांगतं. शेजाऱ्यानं बांधावरचं कुंपण सरकवून यांची जमीन खाल्ली होती. खटला चालला, मास्तर जिंकले. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या दारात एक धडधाकट कालवड बांधलेली. शेजाऱ्यानं आधी जनावरांचा डॉक्टर बोलावला. हिला काही रोग असणार, त्याशिवाय का देईल. रोग नव्हता. पुढे जेव्हा जेव्हा बर्फ पडला तेव्हा त्या शेजाऱ्यानं मास्तरांच्या घरासमोरचा बर्फ काढला, आणि दर वेळी त्यांना वेडा म्हटलं.

ही रीत मोरेनाची. मास्तरांच्या स्वयंपाकघरात चुलीपाशी बसून मी त्या राजाच्या सगळ्या गोष्टी ऐकल्या. म्हणजे माल पोचवून परत आलो की जरा टेकायचो, तेवढ्यात म्हातारा सुरू व्हायचा. त्या काळी तिकडे नुसती पळापळ होती. लढाया, दुष्काळ, टोळ्या एकमेकींवर चालून येतायत, आणि मागोमाग गोरे बंदुका घेऊन. या राजानं एक डोंगर धरला. वरून सपाट, वर पाण्याचे झरे, चढायला वाटा मोजक्या. लोक म्हणायचे तो डोंगर अंधार पडला की उंच होतो. मोरेना पळून आलेल्यांना वर घ्यायचा, गुरं द्यायचा, म्हणायचा राहा. असं करत करत त्यानं माणसं जमवली आणि त्या माणसांचा देश झाला.

डोंगरावर एकदा एक मोठी टोळी चालून आली. राजाच्या लोकांनी वरून धोंडे लोटून त्यांना परतवलं. उपाशी, हरलेली फौज परत निघाली तर मागून राजाची माणसं बैल हाकत आली. निरोप असा, की तुम्ही भुकेपोटीच आला असाल, हे वाटेत खा. ती टोळी पुन्हा कधी चालून आली नाही.

माझ्या मुलीची, आर्याची, आवडती गोष्ट वेगळी. दुष्काळात माणसं खायची वेळ आलेल्या टोळीनं राजाच्या आजोबांनाच मारून खाल्लं होतं. ती माणसं सापडली तेव्हा सगळे म्हणाले मारा यांना. राजा म्हणाला, माझे आजोबा यांच्या पोटात आहेत, ही माझ्या आजोबांची थडगी आहेत. थडगी कुणी उकरतं का? आणि त्यांना गुरं देऊन वसवलं. आर्याला मराठी समजतं पण ती बोलते इथल्यासारखंच इंग्रजी. ती म्हणाली, "डॅड, दॅट किंग वॉज साउंड." साउंड म्हणजे इथं भला माणूस. मी म्हटलं, आजोबा गेले ते गेलेच ना. ती मास्तरांसारखीच मान हलवायला लागली होती.

आता समीर. नाव खरं नाही. का नाही ते पुढे कळेल.

समीर पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला. राजधानीच्या कडेच्या ओंगारला राहायचा. त्याची नोकरी गेली तेव्हा मीच त्याला धंद्यात घेतलं, अर्ध्या भागीदारीत. पोळीला तीन पदर कसे सुटतात, कणकेला तेल कधी लावायचं, पुरणाला चटका किती द्यायचा, सगळं हात धरून शिकवलं. त्यानं गिऱ्हाइकांचा व्हॉट्सॲप ग्रुप केला. ॲडमिन तो. माझं म्हणणं, ॲडमिन कोण याला काय महत्त्व, पोळ्या माझ्या आहेत. एका सोमवारी सकाळी फोन बघतो तर मला ग्रुपमधून काढलेलं. ओंगार, क्लोन्सिला, तिकडची सगळी गिऱ्हाइकं त्या ग्रुपात. समीरनं तिकडेच स्वतःचं किचन टाकलं होतं. कारण दिलं ते असं, की दादा, तुम्ही फार ओरडता. मी ओरडतो. चोरी करत नाही.

त्या वर्षी गणपतीच्या महाप्रसादाची ऑर्डरही त्याला गेली. तिकडच्या मंडळाचा महाप्रसाद पहिल्यापासून मी करत आलो होतो. तो गेला तेव्हा मी ठरवलं, या माणसाला बसवायचं. धंद्यातून पार उठवायचं, मग त्यासाठी मला तोट्यात पोळ्या विकाव्या लागल्या तरी चालतील.

मास्तरांना मी हे सगळं सांगितलं, ओरडूनच. त्यांनी ऐकून घेतलं आणि भलतंच विचारलं. सांगलीत सौदा कसा करतात?

तेव्हा मी त्यांना हत्ता दाखवला. आमच्याकडे पूर्वी हळदीचा भाव तोंडानं बोलत नसत. अडत्या आणि व्यापारी हातावर रुमाल टाकायचे आणि खाली एकमेकांची बोटं धरायचे. किती बोटं, कुठली बोटं, त्यावर भाव. भोवती माणसांची गर्दी, पण आकडा कळला तर त्या दोघांनाच. पुढे तो प्रकार बंद केला, आणि बरोबरच केला, कारण रुमालाबाहेर उभ्या शेतकऱ्याला आपला माल कितीला गेला हे कळायचं नाही. मास्तरांचे डोळे चमकले. त्यांनी घोंगडीचं टोक आमच्या दोघांच्या हातांवर ओढलं आणि म्हणाले, शिकव.

त्यानंतर आमचे सगळे सौदे त्या घोंगडीखाली. तट्टाला आवारात कुठे बांधायचं, बाहेरचा नळ कुणी कधी वापरायचा, आर्यानं रविवारी तट्टावर किती वेळ बसायचं. म्हातारा कायम दोन बोटं धरून सुरुवात करायचा, मला चार हवी असायची. वैशालीला वाटायचं आम्ही दोघंही कामातून गेलो. मी त्यांना म्हटलं, रुमाल हा फसवायला होता. ते म्हणाले, असेल, पण माझ्या वडिलांच्या जत्रेत असा रुमाल असता तर बरं झालं असतं. तिथं सगळ्यांच्या देखत हात मारायचे, त्यामुळे कुणाला माघार घेता यायची नाही. कित्येक सौदे नुसते चारचौघांत खाली कोण येणार म्हणून मोडले. झाकलेल्या हातात माणूस दोन बोटं सोडू शकतो.

मला तेव्हा ते पटलं नव्हतं. एकदा त्यांनी मला त्यांच्या घोंगडीतली ऊ म्हटलं, तेव्हा तर मी गोदाम सोडायला निघालो होतो. मग त्यांनी सांगितलं की मोरेनानं म्हातारपणी इंग्रजांच्या राणीला कळवलं होतं, माझ्या लोकांना तुझ्या घोंगडीतल्या उवा म्हणून राहू दे. खालच्या सुपीक मैदानात बोअर लोक घुसले होते, जमीन गिळत होते, आणि डोंगर एकट्यानं सांभाळणं कठीण झालं होतं. म्हणजे ऊ हा मान होता. वैशाली हे सगळ्यांना सांगत फिरली.

समीर फुटल्यानंतरच्या दुसऱ्या गणपतीची गोष्ट. शनिवार होता, दुपारी महाप्रसाद, पुरणपोळीचा. ऑर्डर अर्थात समीरची. मी सकाळी गोदामात लेटरकेनीच्या ऑर्डरीचं पुरण बाहेर काढत होतो. फोन वाजला. समीरचं नाव मी फोनमधून काढलं नव्हतं. शत्रूचं नाव कुणी काढत नाही.

"दादा," तो म्हणाला, "पुरण आंबलं."

मी विचारलं, "गरम असताना झाकलंस?"

त्यानं पुन्हा नुसतं "दादा" म्हटलं. म्हणजे झाकलं होतं. आदल्या दिवशी डाळ शिजवून, वाटून, गरम गोळा मोठ्या बादल्यांत भरून झाकणं घट्ट लावली होती. पुरणाला घाम फुटतो, आणि तो आतच राहिला की सकाळी वास येतो. परातीत पसरून गार करायचं हे मी त्याला शिकवलं होतं, पण परातींना जागा लागते आणि त्याच्या किचनात जागा नव्हती. मंडळी दुपारी जेवायला बसणार. अजून कुणाला माहीत नव्हतं. कळलं असतं तर त्या पट्ट्यात त्याच्याकडून कुणी साधी पोळी घेतली नसती. घरी लहान पोर, बायकोची नोकरी अर्धवेळ. हे त्यानं सांगितलं नाही, मला ठाऊक होतं.

मी सौदा केला. पुरण माझं, पोळ्या माझ्या, माझ्याकडे कामाला असलेल्या बायका लाटतील, मी घेऊन येतो. पण आरती झाल्यावर समीरनं स्टेजवर उभं राहायचं आणि माइकवर सांगायचं की आजचा महाप्रसाद कुणी केला आणि का. पुढच्या वर्षीपासून ऑर्डर माझी. आणि ग्रुपमध्ये मी ॲडमिन.

तो म्हणाला, "बरं."

तव्यांवर बायका लावून दिल्या आणि मी आवारात गेलो. मास्तर तट्टाच्या खुराला काहीतरी लावत होते. मी सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, जिंकलो.

त्यांनी मान वर केली नाही. "आणि तो घरी काय घेऊन जाणार?"

मी इतका भडकलो की तट्टू मागे सरलं. मी म्हटलं, आजवर तुमच्या राजाच्या गोष्टी ऐकल्या, आज माझी ऐका. याला मी हात धरून शिकवलं, यानं माझं घर फोडलं. आणि एवढा शहाणा तुमचा राजा, तर त्याची जमीन का गेली? सगळं मैदान गेलं ना? गुरं वाटून काय मिळालं त्याला?

मास्तर उठले. गुडघे धरून, सावकाश. म्हणाले, मैदान गेलं, खरं आहे. अर्ध्याहून चांगली जमीन गेली, ती परत मिळाली नाही. आणि मोरेनानं ते कधी माफ केलं नाही. मरेपर्यंत प्रत्येक गोऱ्या साहेबाला तो त्या जमिनीबद्दल ऐकवत राहिला. मग त्यांनी मला इंग्रज गव्हर्नरची गोष्ट पुन्हा सांगितली. ती मला पाठ होती. गव्हर्नर फौज घेऊन गुरांचा दंड वसूल करायला आला. मोरेनाच्या घोडेस्वारांनी तिला असा मार दिला की त्याला पुढे जाता येईना आणि मागेही जाता येईना, कारण हरलो असं घरी सांगणार कसं? त्याच रात्री मोरेनाचा निरोप गेला. तुम्ही तुमची ताकद दाखवलीत, आम्हाला शिक्षा केलीत, गुरं नेलीत, आता पुरे करा. जिंकणाऱ्यानं हरणाऱ्याला कळवलं की तू जिंकलास. गव्हर्नरनं तो निरोप विजय म्हणून घेतला आणि फौज वळवली. डोंगर जागेवर राहिला.

"तक्रार कर," मास्तर म्हणाले. "मरेपर्यंत कर, तुला ते छान जमतं. पण बैल पाठव, डीलर."

मी व्हॅन भरली. म्हातारा न विचारता पुढच्या सीटवर येऊन बसला, गमबुटांसकट. मोटरवेभर पुरणाचा सुंदर वास येत होता.

शाळेचा हॉल भाड्यानं घेतला होता. मागच्या दारात समीर उभा. नवा कुर्ता घातलेला, चेहरा कणकेसारखा. आतून आरतीचा आवाज. मी व्हॅनचं दार उघडलं. सगळ्या क्रेट्सवर माझ्या दुकानाचं नाव, मीच मोठ्या अक्षरांत छापून घेतलेलं. तेवढ्यात मंडळाच्या कुलकर्णी काकू पदर खोचून बाहेर येताना दिसल्या. सगळ्या ओंगारचं वर्तमानपत्र. समीरनं डोळे मिटले.

मास्तरांनी खांद्यावरची पिन काढली. ती घोंगडी त्यांनी अंगावरून उतरवलेली मी पहिल्यांदाच बघितली. आत साधा विटलेला स्वेटर होता, आणि माणूस एकदम बारीक दिसला. त्यांनी घोंगडी क्रेट्सवर टाकली, नावं झाकली गेली. मग तिच्या टोकाखाली त्यांनी माझा हात ओढला, समीरचा हात ओढला आणि एकमेकांत दिला. त्यांच्या वडिलांच्या जत्रेत मध्यस्थ देत असेल तसा.

समीरला हत्ता येत नाही, तो पुण्याचा. त्यानं सगळाच हात धरला. गार पडला होता. हळदीच्या बाजारात एवढी बोटं कुणी देत नाही.

काकू पोचल्या. "अय्या, तुम्ही इकडे कसे?"

मी म्हणालो, "समीरनं बोलावलं, काकू. पोळ्या उचलायला हात कमी पडत होते."

काकूंनी माझ्याकडे, मग घोंगडीकडे, मग स्वेटरमधल्या म्हाताऱ्याकडे बघितलं. "म्हणजे शेवटी हमालीवर आलात म्हणायचं," त्या हसून म्हणाल्या, आणि आत गेल्या.

मला तो शब्द अजून टोचतो. मास्तर मागून म्हणाले, "ग्रँड."

स्टेजवर कुणी काही बोललं नाही. मी पंगतीत वाढलं. एक आजी, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या, पोळी मोडून मला म्हणाल्या की काही म्हणा, समीरच्या पोळ्या तुमच्यापेक्षा मऊ असतात. मी त्यांना आणखी एक वाढली. तूपही वाढलं. यापेक्षा मोठं दुःख माझ्या धंद्यात मला झालेलं नाही. येताना व्हॅनमध्ये मास्तरांना ते सांगितलं तर ते एवढे हसले की त्यांना खोकला आला.

मिळालं काय, तर समीरनं मला ग्रुपमध्ये परत घेतलं. ॲडमिन केलं नाही. तो कधी नावनकडे सरकला नाही, मी कधी ओंगारकडे गेलो नाही. त्याला झेपत नाही ती ऑर्डर तो गुपचूप माझ्याकडे वळवतो, मीही त्याच्याकडे वळवतो. महाप्रसाद त्याच्याकडेच राहिला. हे मला मान्य नाही, आणि संधी मिळेल तिथं मी ते बोलून दाखवतो. पण ज्या माणसाला उठवण्यात माझी चार वर्षं गेली असती, ती वर्षं माझ्या हातात राहिली. गोदामाचं छप्पर मी त्यातच नवं केलं. सांगलीच्या बाजारात मला हे कुणी शिकवलं नव्हतं. शिकवलं असतं तर मी आज आणखी मोठा असतो, की लहान, सांगता येत नाही.

मास्तर मागच्या हिवाळ्यात गेले. वैशालीच्याच वॉर्डात होते. शेवटी बोलणं बंद झालं होतं. मी रोज संध्याकाळी जाऊन घोंगडीखाली हात घालायचो, आणि ते दोन बोटं धरायचे. मला चार हवी होती. मी काही वाढवून मागितलं नाही.

लेसोथोत माणसाला त्याच्या घोंगडीत गुंडाळून पुरतात. मास्तरांच्या पुतण्यानं तसंच केलं, त्यांनी सांगून ठेवलं होतं. दफनानंतर लोकांना जेवू घालायची इथं रीत आहे. मी पुतण्याला म्हटलं, ते माझ्याकडे, गोदामात. शेजारपाजार आणि पत्तेवाले म्हातारे एवढाच अंदाज केला होता. सौद्यातला माझा अंदाज सहसा चुकत नाही. पण आवाराच्या उघड्या फाटकातून माणसं येतच राहिली. कुठून कुठून आलेले त्यांचे जुने विद्यार्थी, घोंगड्या पांघरलेल्या बायका, कालवडवाला शेजारी मुलाबाळांसकट. माझ्या पोळ्या संपत आल्या. मी तवा बंद करून मागच्या दारात येऊन उभा राहिलो. हाताला काम सुचत नव्हतं.

समीरची गाडी आवारात शिरली. त्याला मी बोलावलं नव्हतं. वैशालीनं कळवलं असावं, तिनं अजून कबूल केलेलं नाही. त्यानं डिकी उघडली. क्रेट्सवर जुनी चादर टाकलेली, चादरीखाली त्याच्या किचनचं नाव. पुतण्या पुढे होऊन विचारायला लागला, तर समीर त्याला म्हणाला की दादांच्याच पोळ्या आहेत, मी फक्त उचलायला आलो, हात कमी पडत होते.

लोक जेवले. सगळ्यांनी माझ्या पोळ्यांचं कौतुक केलं. त्या पोळ्या जरा कडक होत्या, कणकेला तेल उशिरा लावलं होतं, आणि त्या माझ्या नावावर गेल्या. मी वाढत राहिलो.

सगळं आवरल्यावर समीर रिकामे क्रेट्स उचलायला आला. आवारात बरीच माणसं होती, कुलकर्णी काकूही आल्या होत्या. मला त्याचा हात धरायचा होता. झाकायला काही नव्हतं, घोंगडी मास्तरांबरोबर गेली होती. मग तो तसाच, सगळ्यांच्या देखत, उघड्यावर धरला.